फुरका मारणाऱ्यांची जाहीर माफी

गेल्या रविवारी सकाळी नौबादला थोरल्या बहिणीकडे गेलो आणि दारातच थबकलो. माझी भाची प्रज्ञा चमच्याने काळी कॉफी तोंडात घेत होती आणि लगेच शेजारच्या डब्यात थुंकत होती...

एमएस्सी झालेली मुलगी! समोर सहा ग्लास ओळीने मांडलेले, कशातच दूध नाही, साखर नाही. मला वाटलं, पोरीला बरं नाही. अक्का शांतपणे म्हणाली, अभ्यास करायलीय.

प्रज्ञाने बेंगळुरूला कॉफी चाखण्याच्या कोर्ससाठी अर्ज केला होता. गुरुवारी परीक्षा होती, तीही चाखण्याचीच. असा पेशा असतो हे घरात दोन कपाटं पुस्तकं असलेल्या मला ठाऊक नव्हतं. मळ्यातून आलेल्या मालाची प्रत या लोकांच्या जिभेवर ठरते म्हणे... चार कुजके दाणे मिसळले गेले तरी ते ओळखतात.

मग तिने आणखी एक सांगितलं. आपण पाकिटातली कॉफी म्हणून जे पितो, त्यात बऱ्याचदा चिकोरी नावाच्या मुळाची भाजलेली पूड असते, कधीकधी निम्म्याच्या जवळपास. पाकिटावर छापलेलंही असतं. मी भाषणं देत गावोगाव 'वाचा, वाचा' म्हणत फिरलो आणि घरातलं कॉफीचं पाकीट कधी वाचलं नाही...

पण खरा धक्का पुढेच होता. तयारी कशी आहे विचारलं तर तिने चमचा खाली ठेवला. वास ओळखता येतो, आंबट-कडू कळतं, पण एक गोष्ट अडली होती.

"फुरका जमंना, मामा. अन् ते तुमच्यामुळं."

चाखणारे लोक चमचा ओठाला लावून जोरात ओढतात. तशी ओढली की कॉफी फवाऱ्यासारखी जिभेभर पसरते आणि वास घशामागून नाकात चढतो. गुपचूप घोट घेतला तर अर्धी चव कळतच नाही. प्रज्ञाचे ओठ मात्र आपोआप मिटत होते.

मी मान खाली घातली. हुमनाबादपासून उमरग्यापर्यंत किती सभांत मी गरजलो असेन... बशी सोडा, फुरके बंद करा, ताठ बसून आवाज न करता प्या. कारण एकदा एका साहेबाच्या घरी माझ्या वडिलांच्या फुरक्यावर सगळी बैठक हसली होती. वडिलांनी भरलेली बशी तशीच खाली ठेवली होती.

तो राग मी साहेबावर काढायला हवा होता. काढला घरच्या लेकरांवर. दुधाचा फुरका मारला म्हणून पाच वर्षांच्या प्रज्ञाला मी ताटावरून उठवलं होतं. मी विसरलो होतो, तिचे ओठ विसरले नव्हते.

अक्काने चमचा माझ्या हातात दिला. म्हणाली, "आता तूच करून दाव. तू मारल्याबिगर ती मारायची न्हाई."

मी हसण्यावारी नेलं, पण ती कसली सोडते... "कामून लाजायलास? सभेत तर माईक फुटूस्तवर बोलतूस."

पहिल्यांदा ठसका लागला, कॉफी शर्टावर. दुसऱ्यांदा नुसती हवा आली. तिसऱ्यांदा डोळे मिटून ओढलं आणि असा आवाज निघाला की मीच दचकलो. त्यामागून चव आली... आधी चिंचेसारखी, मग गुळासारखी. साठीला आलेल्या माणसाला आपल्याच तोंडात एवढी जागा आहे हे तेव्हा कळलं.

प्रज्ञा हसत सुटली आणि हसता हसता तिनेही ओढलं. दुपारपर्यंत आम्ही तिघं तेच करत होतो. शेवटी शेजारीण विचारायला आली, बोअरची मोटर बिघडली का म्हणून.

काल तिचा फोन आला. प्रवेश मिळाला. एवढा मोकळा फुरका कुठल्या वर्गात शिकलीस, असं परीक्षकांनी विचारलं म्हणे. ती म्हणाली, घरी.

माझी भाषणं ऐकून ज्यांनी आपल्या आईबापाला, लेकरांना चहाच्या कपासमोर गप्प बसवलं, त्यांची आणि त्या गप्प बसलेल्यांचीही मी आज इथे जाहीर माफी मागतो. तोंडं हसणाऱ्यांची बंद करायची होती... मी पिणाऱ्यांची केली.