पुण्याहून परतलेला फॉरवर्ड
जळोचीच्या माळावर आम्ही फुटबॉल खेळायचो, तेव्हा शेळ्या राखणारे थांबून विचारायचे, "हाताला काय झालंय रं तुमच्या?" नव्वदनंतरची वर्षं होती. बारामतीत कबड्डी सगळ्यांना कळायची, आमचा खेळ कुणालाच कळत नव्हता. क्लबात जेमतेम अकरा जण. माळावर सराटे इतके, की बॉल आठवड्याला पंक्चर व्हायचा. स्पर्धेत पहिलीच मॅच हरून परत यायची आम्हाला सवय झाली होती.

आमच्यात खरा खेळाडू एकच, आमचा फॉरवर्ड. तो सणसरचा. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, वडिलांनी ऊस लावला. हा सकाळी काटेवाडीच्या डेअरीवर गवळ्यांचं दूध मोजून घ्यायला बसायचा आणि दुपारी सायकल मारत माळावर यायचा.

एकदा इंदापूरच्या स्पर्धेत आम्ही चार-एक असे हरलो. तो एक गोल त्याचा. निम्म्या मैदानातून एकट्यानं बॉल नेऊन मारलेला. मॅच संपल्यावर पुण्याच्या एका मोठ्या संघाचे कोच त्याच्याकडे आले. म्हणाले, "पुण्याला ये. राहायची सोय मी करतो."

आम्हीच त्याला आग्रह करून धाडलं. सहाव्या दिवशी तो पिशवी घेऊन थेट माळावर हजर. आम्हाला वाटलं, घेतलं नसेल. कुणी काही विचारलं नाही.

मी तेव्हा एका कापडदुकानात कामाला होतो. क्लबाचा म्हणून दुकानाचाच नंबर दिलेला. पुढच्या आठवड्यात त्यावर त्या कोचांचा फोन आला. "अहो, तुमचा खेळाडू न सांगता निघून गेला. मी त्याला पहिल्या अकरात घेतलं होतं!"

मला राहवेना. मी त्याला गाठलं. तो म्हणाला, "जेवण लई गोड असतं तितलं." दोन दिवसांनी पुन्हा विचारलं, तर म्हणाला, "बॉल हलका हाय." शेवटी एका रविवारी मी सणसरला गेलो. त्याचे वडील उसाला पाणी देत होते.

"तात्या, तो परत का आला?"

तात्यांनी खोरं टेकवलं. "मला वाटलं, तुला ठावं असंल. मी तुलाच इचारणार हुतो."

तेवढ्यात तोच बांधावरून आला. आम्ही दोघं आपल्याकडं बघतोय म्हटल्यावर विषय काय ते त्याच्या लक्षात आलं.

"तितं माझ्या जागंवर अजून तिघं हायत," तो म्हणाला. "चांगलं खेळत्यात. मी नसलो तर त्यांचं काय अडत न्हाय. हितं दहाच उरत्यात."

"पण तू पुढं कसा जाणार?"

"पुढं म्हंजी कुठं?"

तात्यांनी पुन्हा खोरं उचललं.

"आपल्याला तीन पास धड देता येत न्हाईत," तो म्हणाला. "पाच-सात देता आलं तर काय हुतंय, ते मला बघायचंय."

मग वर्षभर त्यानं आम्हाला पास द्यायला शिकवलं. गोल मारायचं त्यानं जवळजवळ सोडूनच दिलं. आम्ही मोठ्यानं मोजायचो, चौथ्याला बॉल हरवायचा, पुन्हा एकपासून सुरुवात. दुसऱ्या वर्षी इंदापुरातच आम्ही पहिली मॅच जिंकलो, एक-शून्यनं. गोल केला तो वेल्डिंगचं काम करणाऱ्या आमच्या एका गड्यानं, ज्याला आधी ऑफसाइडही कळत नव्हती. दुसरी मॅच हरलो, पण एसटीत सगळे ओरडून बसलेल्या आवाजातच बोलत होते.

त्याच वर्षी पुण्याच्या संघानं मोठी स्पर्धा जिंकली. पेपरात फोटो आला होता. त्यानं तो नीट बघितला आणि एकावर बोट ठेवलं. "ह्यो माझ्या जागंवर हाय. भारी खेळतो." मी पेपराकडं नाही, त्याच्या तोंडाकडं बघत होतो. काहीच सापडलं नाही.

नंतर नोकरीपायी एकेक जण पांगला, क्लब संपला. मीही पुण्याला गेलो. बऱ्याच वर्षांनी सणसरला भेट झाली, तेव्हा मी पुन्हा तेच विचारलं. चुकलं असं कधी वाटतं का?

तो म्हणाला, "चुकलं न्हाय. पन तितं ऱ्हायलो असतो तर कसा खेळलो असतो, ह्ये काय बघायला मिळालं न्हाय. तेवढंच."