कार्ड येईस्तोवर

कुंडल नावाच्या गावी एक होता दस्तगीर पिंजारी. त्याची एक बायको, ती मी. आमचा एक मुलगा सलीम, पाटणहून आणलेली सून शबाना आणि त्यांची एक मुलगी मुस्कान. आम्ही दोघं कुंडलात, ते तिघं अमेरिकेत. मधे एक फोन!

पिंजाऱ्याच्या घरात कितीही झाडा, कोपऱ्यात कापूस साठतोच. तसे हे किस्से साठलेत. फोन ठेवला की एक मागे राहतो. मी शाळा पाहिली नाही, त्यामुळे सगळं डोक्यातच ठेवावं लागतं.

एवढं आधी ऐका. सलीम तिथं कॉम्प्युटरच्या नोकरीवर. कायमचं राहायचं तर ग्रीन कार्ड लागतं, आणि ते काही केल्या येत नव्हतं. तोवर नोकरी गेली की घर आवरून निघा! मधेच गावाकडे आलात, तर परत आत घेतील याचा भरवसा नाही. म्हणून शबानाचं प्रत्येक गोष्टीला एकच, "कार्ड येईस्तोवर जपून!" हसायचं ते जपून, भांडायचं तेही जपून. पोरगी कुंडलात जन्मली, पण वर्षाची असताना तिकडे गेली आणि त्यातच वाढली.

*

मुस्कान मराठी शिकली ती फोनवर, माझ्याकडून. त्यामुळे अमेरिकेत राहून बोलते कुंडलचं. दुसरीत असताना वर्गातल्या एका पोरानं तिला विचारलं, "तुम्ही मुसलमान ना? मग तुमच्या घरी बॉम्ब असेल."

मी विचारलं, "मग तू काय म्हणालीस गं?"

"म्हटलं, तसलं काय न्हाई आमच्यात. आमच्या आजोबाकडं कापूस हाय. पायजे तर गादी भरून देतील!"

त्या पोरानं घरी जाऊन आईकडे गादीचा हट्ट धरला म्हणे!

*

तिथल्या शाळेत पोरांना लपायला शिकवतात. कुणी बंदूक घेऊन आला तर काय करायचं, याची तालीम! दिवे बंद करायचे, बाकाखाली बसायचं, शिंकसुद्धा दाबून धरायची. मुस्कान मला हे असं सांगत होती, जसं आपली पोरं लंगडी सांगतात.

मग म्हणाली, "दादी, तुज्या शाळंत कुठं लपायचं?"

"मी शाळंतच गेली न्हाई बाई."

जरा विचार करून म्हणाली, "बरं झालं. वाचलीस!"



*

एकदा तिघं गाडीतून लांब निघाले होते. नमाजची वेळ झाली म्हणून सलीमनं पेट्रोल पंपामागे गाडी लावली, सतरंजी अंथरली. तो डोकं टेकून सजद्यात गेला, आणि नेमकी तेव्हाच मागे पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली! निळे-लाल दिवे फिरायला लागले.

शबानानं गाडीत डोळे मिटून घेतले. सलीमनं खाली टेकवलेलं डोकं काही वर येईना. पोलीस उभा आहे तो उभाच. शेवटी मुस्काननं काच खाली केली. पोलीस म्हणाला, "तुमच्या गाडीचा मागचा दिवा गेलाय, एवढंच सांगायचं होतं. त्यांचं सावकाश होऊ द्या."

सलीम मला म्हणाला, "अम्मा, एवढा लांब सजदा मी ईदलाबी केला न्हाई!"

*

शबानाला विकतचा मसाला चालत नाही. उन्हाळा आला की आपल्यासारखा वर्षाचा कांदा-लसूण मसाला करायचाच. तिथं चौथ्या मजल्यावर, खिडक्या बंद करून तिनं मिरच्या भाजायला घेतल्या. खिडक्या का बंद? तर शेजाऱ्यांना त्रास नको, जपून!

मिरच्यांच्या धुराचा खाट जिन्यापर्यंत गेला. सगळी बिल्डिंग खोकायला लागली. कुणीतरी फोन केला की मुसलमानाच्या घरातून कसला तरी गॅस येतोय. भोंगे वाजवत बंब आला. तोंडाला मोठाले मास्क लावलेली माणसं दारात! शबानानं उलथनं हातात असतानाच दोन्ही हात वर केले.

"काय बनवताय इथं?"

मुस्कान पुढे होऊन म्हणाली, "जेवण!"

*

मग आमचे हे गेले.

सलीमला येता येईना. आमच्यात बापाच्या कबरीवर मुलानं मूठभर माती टाकायची असते. बायका कब्रस्तानात जात नाहीत, म्हणून पुढचं मला तात्यांनी सांगितलं. तात्या आमचे शेजारी, ऊसवाले, मिलिट्रीतून रिटायर झालेले. त्यांनीच फोन कबरीवर धरला होता. सलीम पलीकडून एवढंच म्हणाला, "तात्या, हात हलवू नका. मला दिसू द्या."

तात्यांनी एका हातात फोन धरला, दुसऱ्या हातानं मूठ भरली. "पोरा, ही तुजी," म्हणाले, आणि टाकली.

तिथून ते मातीचा हात तसाच घेऊन माझ्या दारात आले. "वहिनी, सलीम येऊन गेला."

*

अलीकडे तिकडे वर्दीतली माणसं बाहेरदेशच्या लोकांना घरातून उचलून नेतात अशा बातम्या यायला लागल्या. शबाना पडदेसुद्धा उघडेना. "कुणी बी दार वाजवलं तरी गप बसायचं!"

एका सकाळी, म्हणजे आपल्या संध्याकाळी, मी तिच्याशी फोनवर बोलत होते. सलीम कामावर गेला होता, मुस्कानला सुट्टी. तेवढ्यात दार वाजलं. शबानानं दाराच्या भिंगातून पाहिलं. "अम्मा, वर्दी हाय!" म्हणाली, आणि तिच्या हातातून फोन पडला. मला नुसतं छत दिसायला लागलं. दोघी सोफ्याच्या मागे बसल्या असाव्यात. मी इकडे संकटात म्हणायची आयतल कुर्सी पढायला घेतली.

बाहेरचा माणूस नावं घ्यायला लागला. "सलीम दस्तगीर पिंजारी!" त्या परक्या मुलखात माझ्या मालकाचं नाव! "शबाना सलीम पिंजारी!" हुंकारसुद्धा नाही. "मुस्कान सलीम पिंजारी!"

"ओ!"

मीच शिकवलेलं तिला. हाक मारली की ओ द्यायची, नाहीतर माणूस काय म्हणेल!

आता लपून उपयोग नव्हता. कडी काढल्याचा आवाज आला. बाहेरचा काहीतरी बोलला. मग कागद फाटला. मग शबानाचं रडणं, मोठ्यानं, गळा काढून. मी नुसती ओरडतेय, "कोण हाय? कुणाला नेलं?"

मुस्काननं फोन उचलला. "दादी, पोस्टमन हाय. कार्डं आली. तिघांची बी!"

उंबऱ्यात बसून रडणारी शबाना मला दिसली, आणि पुढे घाबरून उभा असलेला तो. बिचारा पाठ फिरवून निघाला, तशी मुस्काननं त्याची बाही धरली आणि इंग्रजीत काहीतरी सुनावलं.

"काय म्हणालीस गं त्याला?"

"म्हटलं, मामा, बसा. चहा टाकतीय. दाराशी आलेल्याला आमच्यात माघारी धाडत न्हाईत!"