बर्फावर उभी असलेली पोरं

मुलीसाठी आणलेल्या नव्या बास्केटबॉलच्या रबरी वासानं परवा मला थेट पळसदेवच्या आमच्या ओट्यावर नेऊन बसवलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीच्या कॉलेजात मी बास्केटबॉल खेळायचे आणि सामन्याला पुण्याला जायचं तर वडिलांची, म्हणजे आबांची, सही हवी होती. कॉलेजातली पोरं पार पणजोबांच्या काळापासून खेळतात, हे दाखवायला मी लायब्ररीतलं एक जुनं परदेशी पुस्तक नेलं. एका फोटोत पोरं बास्केटबॉल घेऊन बसलेली, दुसऱ्यात तीच पोरं हॉकीच्या काठ्या घेऊन गोठलेल्या तळ्यावर उभी.

आबा त्या तळ्यापाशीच थांबले. "पाण्यावर उभी हायत व्हय ही?"

"बर्फ झालाय त्याचा, आबा."

"आन् खाली कुणाचं गाव हाय?"

मला हसूच आलं. "साधं तळं हाय ते!"

त्यांनी सही केली. समोर उजनी धरणाचं पाणी पसरलं होतं. आमचं जुनं गाव त्याच्याच तळाशी होतं. ते बुडालं तेव्हा मी तान्ही होते, मला ते आठवतही नव्हतं.

परवा मुलीनं अंगणात चेंडू जोरात आपटला आणि मी एकदम म्हणाले, "अगं, हळू!"

"का?"

मी चेंडूखालच्या जमिनीकडे बघत होते, जणू खाली कुणाचं गाव होतं.