डिंगोऱ्याचं विरजण, तळेघरची शेगडी

माझी धाकटी बहीण मंगल तळेघरला राहते. तिचा निरोप आला: गोबरगॅस बंद पडलाय, भातझोडणी उरकली की हे खड्डा मातीनं बुजवणार. म्हणजे पुन्हा चूल, पुन्हा धूर, आणि तिचा तो खोकला. दोन दिवसांचे कपडे पिशवीत कोंबले आणि पुण्याहून नारायणगावची एसटी धरली.

मी सातवीपर्यंत शिकलेला. नारायणगावात सायकली दुरुस्त करायचो, तेव्हा नव्वदच्या सुमारास अंगणात गोबरगॅस बांधला. बिघडला की पुस्तकं चाळायची, असं करत शिकलो.

नारायणगावला चहा-भजी खाऊन, आळेफाट्याला जीप बदलून डिंगोरे गाठलं. इथल्या माझ्या मित्राचा, बबनरावांचा गोबरगॅस कधी रुसल्याचं ऐकलं नाही. त्यातली चालती स्लरी, म्हणजे आंबलेला शेणकाला, कॅनभर मागितली. कॅनला झाकण नको म्हणाले, आत गॅस होतच राहतो. तोंडाला फडकं बांधून दिलं. वहिनींनी पिठलं-भाकरी वाढली आणि वाटेसाठीही बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी जुन्नरहून घोडेगावची एसटी. कंडक्टर नाक दाबून म्हणाला, "बाबा, काय हाय ह्यात?"

"विरजण. गोबरगॅसचं."

मागची बाई म्हणाली, "मग दही लागलं की आमास्नी बी बोलवा." गाडी हसली, पण कॅनसाठी खिडकीची जागा मिळाली. जाणाऱ्यांनी घोडेगावच्या स्टँडवर तळेघरची गाडी आधी विचारून घ्यावी. मी तीन तास बसलो. पुढे डिंभे धरणाचं पाणी दिसलं की त्याचं काही वाटत नाही.

दाजींनी, म्हणजे मंगलच्या नवऱ्यानं, खड्ड्यावरचा, गॅस साठला की वर उचलला जाणारा लोखंडी डबा वर आलेला दाखवला. "गॅस हाय की, दादा. शेगडीच खराब." नवीन बर्नरही आणला होता. मी काडी धरली, फस्सकन विझली. खड्ड्याला आंबूस वास. काय टाकलंत, विचारलं तर दाजी नवा बर्नर पुसू लागले. मंगलनंच सांगितलं: नारायणगावात टोमॅटोचा भाव पडला, लोकांनी टाकून दिलेला माल यांनी तीन खेपा आणून ओतला.

"फुकाट व्हतं," दाजी म्हणाले. "म्हणलं, त्याचं बी प्वाट भरंल."

समोर खळ्यावर भात झोडणं चाललं होतं. म्हटलं, खड्ड्यातही अशीच माणसं कामाला आहेत, दिसत नाहीत एवढंच. पहिली टोळी चोथा फोडते. दुसरी त्याचं आंबट करते. तिसरी ते आंबट खाऊन जळणारा गॅस देते. एकाचं उष्टं दुसऱ्याचं जेवण, मुकादम कुणी नाही. पण तिसरी टोळी सावकाश वाढते आणि आंबट फार झालं की मरगळते. टोमॅटोनं पहिल्या दोघींची चंगळ झाली. डबा वर आला तो त्यांच्याच वाफेनं, आणि ती जळत नाही.

दाजी खळ्यातल्या एकट्या उफणणाऱ्याकडे बघत राहिले. "म्हंजे झोडणारं धा आन् उफणणारा येकच."

एवढं मला पुस्तकातून कळायला वर्ष लागलं होतं.

चार बादल्या उपसल्या, चुन्याचं पाणी जपून घातलं, विरजण ओतलं, थंडी म्हणून डब्याभोवती पेंढा रचला. शेण बंद. रोज सकाळी काडी, रोज विझायची. नवव्या दिवशी झोडणी संपली. मातीचा ढीग तयारच होता. मंगल दाजींना एवढंच म्हणाली, "चार दिस थांबा." ते थांबले. या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत.

बाराव्या सकाळी काडी थरथरली आणि शेगडीवर निळी फुलं उठली. मंगलनं चहाचं आधण ठेवलं. ती माती दाजींनी बांधाला लावली.

परत आलो त्याला महिना झाला. ज्यांनी काम केलं त्यांना मी पाहिलं नाही, त्यांची नावंही मला नीट उच्चारता येत नाहीत. तरी हात जोडावेसे वाटतात.

काल दाजींचा फोन आला. "दादा, रातचा भात उरलाय. किती टाकू?"

"मूठभर."

"मूठ मोटी का बारकी?"

म्हटलं, मंगलची.