आत्याच्या मरणाची गोष्ट

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. लग्न केलं नाही, त्यामुळे बायकोला सांगायचा प्रश्न आला नाही. मित्रांना सांगितलं असतं तर चहा पिता पिता त्यांनी हसण्यावारी नेलं असतं — आणि मला तेच नको होतं. तुम्हांला का सांगतोय? विचारू नका. तोंडाशी आलंय, एवढंच.

मी कॉमिक्स काढतो. आमच्या रत्नागिरीत अजून निम्म्या लोकांना वाटतं, मी दुकानांच्या पाट्या रंगवतो. वाटू दे. पण माझं एक पात्र चाललं, चांगलंच चाललं — 'खाडीवाली'. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, कमरेला टोपली, ओहोटीला खडकावरच्या शिंपल्यांतली कालवं फोडून काढणारी बाई, आणि तिला पाण्याखालचं सगळं दिसतं. लोक म्हणतात, काय कल्पनाशक्ती! कसली कल्पनाशक्ती आणि कसलं काय. ती सरळसरळ माझी आत्या आहे. सुंदरआत्या. पावस गावाच्या पुढे खाडीकाठी तिचं घर. आई गेल्यावर मला तिनं वाढवलंन, कालवं विकून शाळेत घातलंन, आणि भिंतीवर कोळशानं चित्रं काढली म्हणून बदडलंनही तिनंच.

आत्या आजही तिथेच राहते. गुडघे दुखतात, बाकी ठणठणीत आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे सांगणार आहे ते —

थांबा. नीट सांगतो.

मुंबईला कॉमिक्सवाल्यांचं कन्व्हेन्शन होतं. माझं पहिलंच. मला स्टेजवर बसवलेलं, समोर मोजकी माणसं, आणि शेजारच्या हॉलमध्ये कुणीतरी मोठा नट यायचा होता. माणसं एकेक करून उठायला लागली. तुम्ही कधी बोलत असताना खुर्च्या रिकाम्या होताना बघितल्यात का? तेवढ्यात सूत्रसंचालक मुलीनं विचारलं, ही खाडीवाली खरंच कुणी होती का? मी म्हटलं, होती. माझी आत्या. ती म्हणाली, म्हणजे आता त्या —?

दाराशी पोचलेला एक मुलगा वळून बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि म्हटलं, भरतीत सापडली. खाडीनं नेली तिला.

झालं. एवढंच. कुणी मला भरीला घातलं नव्हतं, जीभही घसरली नव्हती. तो मुलगा थांबावा म्हणून मी माझ्या जित्याजागत्या आत्याला बुडवली. आणि तो थांबला! परत येऊन बसला. नंतर सह्या घ्यायला माझ्या टेबलापुढे रांग लागली, मुली डोळे पुसत होत्या.

मग काय, गोष्ट माझ्याबरोबर फिरायला लागली. पुणे, बंगळूर, मग परदेश. प्रत्येक ठिकाणी विचारायचे, प्रत्येक ठिकाणी सांगायचो. रिकामी टोपली तरंगत परत आली, हे मी नंतर घातलं. पाण्याचा घोट कुठे घ्यायचा, तेही ठरून गेलं. एका गावात तर एक गोरी पोरगी लुगडं नेसून, पुठ्ठ्याची टोपली कमरेला बांधून आली होती — आत्या बनून! मी तिच्यासोबत फोटो काढला.

तो फोटो आत्याला दाखवला. ती पोट धरून हसली. म्हणाली, "मला एकदा ने की रे बाबू. बघू दे तरी, कोण एवढे येडे हायत." आयुष्यात या बाईनं माझ्याकडे दुसरं काही मागितलं नाही. मी म्हटलं, व्हिसाची कटकट असते. मुंबईला ने मग. म्हटलं, गर्दी असते, तुझे गुडघे. दोन-तीनदा विचारलंन, मग सोडून दिलंन. मेलेल्या बाईला मी कुठे नेणार होतो?

जर्मनीत हाना भेटली. रांगेत सगळ्यांत मागे उभी होती. सही मागितली नाही, पुस्तक नुसतं छातीशी धरलेलं. तिची आई तळ्यात बुडाली होती. खरोखर बुडाली होती. माझा हात धरून म्हणाली, तुम्हांला कळेल, म्हणून आले. आणि मी रडलो! खोटं नव्हतं ते रडणं, पण कशासाठी होतं ते मला आजही सांगता येत नाही. हॉल रिकामा झाला होता, आम्ही दोघंच होतो. तेव्हा सांगायला काय झालं होतं? काहीच नाही. मी तिला म्हटलं, कधीतरी रत्नागिरीला या.

आली की हो ती. आणि मी शहाणा, आत्याला आधीच सांगून बसलेला — तुझी चाहती येतेय जर्मनीहून. बढाई, दुसरं काय! आत्यानं घर सारवून काढलं, कालवांची आमटी केली, घावण्यांचं पीठ भिजवलंन. हानाला मात्र जिथे माझी आत्या गेली ती जागा बघायची होती.

मी गाडी पावसच्या उलट्या दिशेला घातली. जयगडहून फेरीबोटीनं खाडी ओलांडून थेट अंजनवेल. किल्ल्याखाली एक खडक दिसला, म्हटलं, हाच. हानानं पिशवीतून आईचा रुमाल काढला, त्यात फुलं बांधली आणि पाण्यात सोडली. इतकी वर्षं जपलेला रुमाल होता तो. माझ्या खिशात फोन वाजत होता. बाजूला जाऊन घेतला. आत्या विचारत होती, "कुठवर आलाव? घावणे घालू काय?" मी म्हटलं, पाहुणीला ताप भरलाय आत्या, आज नाही जमत.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाना निघण्याआधी माझ्याकडे चहाला आली होती. दार वाजलं. दारात आत्या. पहिली एस.टी. धरून आलेली, ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात आजारी पाहुणीसाठी पेजेचा डबा.

हाना उभीच राहिली. पुस्तकातला चेहरा दारात उभा होता. तिनं मला इंग्रजीत विचारलं, या कोण? मी म्हटलं, तिची बहीण.

हानानं जाऊन आत्याला मिठी मारली आणि हुंदके द्यायला लागली. आत्या गांगरली, पण तिला दूर केलं नाही, पाठीवरून हात फिरवत राहिली. हाना म्हणाली, यांना सांगा, यांच्या बहिणीसाठी मला फार वाईट वाटतंय. मी आत्याला सांगितलं, तिला तिच्या आईची आठवण येतेय.

"आई नाय तिला?"

नाही, म्हटलं.

आत्यानं तिला खुर्चीत बसवलं, डबा उघडला आणि स्वतःच्या हातानं तिला पेज भरवली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सांग तिला, मी हाय. कवापन येऊ दे. मी हाय म्हणावं."

हानानं ओल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं. काय म्हणतायत?

मी म्हटलं, थँक यू म्हणतायत.

आत्याला इंग्रजी येत नाही, पण तेवढं कुणाला कळत नाही? ती माझ्याकडे बघत म्हणाली, "बाबू, मी थँक्यू कुठं म्हटलं?"

त्यांच्यात तसंच म्हणतात, आत्या.

"बरं," म्हणाली, आणि पुढचा चमचा भरला.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा तिकडे, जर्मनीला चाललोय. माईक हातात देतील, आत्याबद्दल विचारतील. मी काय सांगणार, ते मला आत्ताच ठाऊक आहे.