शोभाताईंनी अडवलेला लेख

शोभाताई ऑनलाइन नियतकालिकाच्या कार्यालयात काम करत आणि पडद्यावर एक ओळही वाचत नसत. प्रत्येक लेख त्या छापून घेत, तोही एका बाजूने वापरलेल्या कागदावर. मग खुर्ची खिडकीकडे वळवून, हिरवं पेन उघडून बसत आणि समासात जागोजागी एकच प्रश्न लिहीत, ‘कोनं सांगतलं?’ लेख प्राध्यापकांचा असो की आमच्या संपादकांचा, प्रश्न तोच.

आमच्या विद्यापीठाच्या वर्ध्यातल्या केंद्रातून हे नियतकालिक निघायचं. विदर्भातली शेती, रस्ते, शाळा, सरकारी धोरणं, असा सगळा गंभीर मामला. माणसं तीन. संपादक असलेले आमचे सर, कंत्राटी संशोधन सहायक मी आणि कार्यालय सांभाळणाऱ्या शोभाताई. त्यांचं माहेर देवळीचं, भाजीपाला पिकवणारं. सासर वर्ध्याला लागूनच असलेल्या पिपरी मेघेचं. संकेतस्थळावर लेख चढवायचा पासवर्ड फक्त त्यांच्यापाशी असे. सर तो दर वेळी विसरत, म्हणून एकदा वैतागून त्यांनीच तो ताईंच्या हवाली केला होता. तेव्हापासून संपादक सर आणि कारभार ताईंचा.

एका बड्या अर्थतज्ज्ञांनी लिहिलं होतं की, ग्रामीण महिलांकडे मोकळा वेळ असतो. ताईंनी थेट फोन लावला. “सर, हा मोकळा वेळ कोन्त्या टायमाले असते? मले बी पाह्यजे होता थोडा.” पलीकडून हसण्याचा आवाज आला आणि ते वाक्य निघालं.

मी पुण्याचा, नवा आणि स्वतःवर भलताच खूश. पहिल्या लेखासाठी देवळीकडच्या एका लहान गावात तीन दिवस फिरलो. ओळीने घरांना कुलपं. शाळेलाही कुलूप, दिवाळीची सुट्टी होती, पण निष्कर्षाच्या भरात ते मी मनावर घेतलं नाही. स्थलांतराने गाव ओस पडतंय, तेव्हा तिथली शाळा लांबच्या मोठ्या गावच्या शाळेत विलीन करावी, असं मी ठोकून दिलं. सरांना लेख आवडला. त्या शाळेबद्दल जिल्ह्याला सोमवारी बैठक होती, त्याआधी लेख यायला हवा होता. लेख आला तरच माझं कंत्राट पुढे सरकणार होतं.

ताईंनी कागद वाचला आणि विचारलं, “लोकं गाव सोडून गेले, हे कोनं सांगतलं, सर?”

“ताई, घरांना कुलपं होती. मी डोळ्यांनी पाहिली.”

“म्हनजे कुलुपानं सांगतलं?”

मला राग आला. त्या शांतच. “किती वाजता गेलते?”

“अकरा ते चार. कार्यालयीन वेळेत.”

ताईंनी पेनाला टोपण लावलं. “उद्या सकाळी सहाले माह्या घरी येजो. स्वेटर घालून येजो.” ‘सर’वरून मी एका दमात ‘येजो’वर उतरलो होतो.

त्यांच्या स्कूटीवर मागे बसून गेलो, तर गाव गच्च भरलेलं. नळावर भांडी, अंगणात मुलींच्या वेण्या, डब्यांत भाकऱ्या. वेचणीचे दिवस होते. कापूस वेचायला घरची सगळी माणसं, सुट्टीतली पोरंही, सकाळीच शेतात जात आणि दिवे लागताना परतत. एका बाईने मला ओळखलं. “हेच ते! आमच्या कुलुपाचा फोटो काढून राह्यलते. समोरच्या बुढ्याले वाटलं, चोर हाय!”

सगळे हसले, मीही हसलो. मग ताईंनी तिला माझ्या लेखाचा मतलब सांगितला. लेकीची वेणी घालणारी तिची बोटं थांबली. “शाळा तिकडे नेली, त माही पोरगी कोनासंग जाईन? मी दिवसभर वावरात. घरीच बसंन ते.” मुलगी मान वर करून माझ्याकडे बघत होती. मला कुठे बघावं ते कळेना.

परतल्यावर ताईंनी पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहिला आणि माझ्यापुढे सरकवला. “तुह्या नोकरीचा सवाल हाय, मले समजते. चढवाचा असन त चढव. मी सराले काई सांगत नाई.” आणि त्या चहा सांगायला गेल्या.

खरं सांगतो, मोह झाला. चहा येईपर्यंत मी त्या चिठ्ठीकडे बघत होतो. मग ती ताईंना परत दिली आणि सरांना जाऊन सांगितलं की लेख चुकलाय.

बैठक माझ्या लेखाशिवाय पार पडली. शाळा होती तिथेच राहिली. माझं कंत्राट मात्र रखडलं. मी दोन महिने वर्ध्यातच खोलीवर बसून काढले, आणि ते दोन्ही महिने ताईंच्या घरून माझा डबा येत होता. “पुन्याच्या लोकायले तिखट चालते का?” असं विचारून त्या त्यात वर आणखी ठेचा घालत. पुढे वेचणीच्या दिवसांतल्या त्या गावावर मी नव्याने लेख लिहिला. तो प्रसिद्ध होताच कंत्राटही मिळालं.

ताई आता निवृत्त होऊन देवळीला भावाच्या मळ्यात वांगी आणि मेथी पाहतात. मी केंद्रात कायम झालोय. बढतीच्या अर्जात प्रकाशित लेखांचा एक रकाना असतो आणि दर वर्षी मी तो इमानदारीने भरतो. प्रसिद्ध न झालेल्या लेखासाठी त्यात जागा नाही. असती, तर सगळ्यात वर मी तोच लेख लिहिला असता, आणि संपादक म्हणून शोभाताईंचं नाव.