पेरूच्या होडीतला फोटो

थायलंडला मी गेलो ते फोटोसाठी. देवळं, समुद्र, हत्ती हे सगळं नंतरचं.

माझ्या थोरल्या साडूंच्या हॉलमध्ये त्यांच्या मुलाच्या लग्नाचा एक मोठा फोटो टांगलेला आहे. त्यात सगळे पाहुणे आहेत, माझी बायकोही आहे, फक्त मी नाही. फोटोग्राफर सगळ्यांना ओळीत उभं करत होता तेव्हा साडू मला म्हणाले, "पाव्हणं, तुमी जरा जेवणाकडं बघा. बाजारातल्या मान्साचंच आचारी ऐकत्यात." मी गेलो. आचाऱ्याला झापून परत आलो, तोवर फोटो होऊन गेला होता. अजूनही त्या घरी गेलो की मला नेमकं त्याच फोटोसमोर बसवतात. तेव्हाच मनाशी धरलं होतं, आम्हा दोघांचा असा एक फोटो काढायचा की साडूंनी तो बघतच बसावं.

मी राहात्याचा पेरूवाला. शिर्डीच्या रस्त्याला पाटी घेऊन उभा राहायचो, आता माझ्या गाड्या सुरतेपर्यंत जातात. टूरवाल्याशीही मी इतकी घासाघीस केली की शेवटी त्याने खिडकीकडच्या जागा आपण होऊन दिल्या.

बँकॉकला उतरलो आणि मला काय बघू नि काय नको असं झालं. उन्हात देवळांचे कळस असे चमकत होते की डोळा ठरेना. फुटपाथवर कच्ची पपई, शेंगदाणे आणि मिरच्या लाकडी उखळात कुटत होते. एक घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरा घेतलाच. पिकल्या आंब्याबरोबर चिकट गोड भात देतात, तो बायकोने माझ्याही वाटचा संपवला. मी दिसेल त्याचे फोटो काढत होतो. संध्याकाळी बायकोने मोबाईल बघितला तर निम्मे फोटो फळांच्या क्रेटचे आणि तराजूचे. "देवळं बघाय आलाय का मार्केट यार्ड?" म्हणाली. दोघांचा एकत्र फोटो म्हणावा तर एकात माझं नुसतं कपाळ आणि दुसऱ्यात तिचा अर्धा कान.

दुसऱ्या दिवशी पाण्यावरच्या बाजारात नेलं. कालव्यात होडीला होडी लागलेली, होडीतच चूल, चुलीवर उकळता रस्सा. एक बाई नारळाच्या दुधातले गरम अप्पे काढून देत होती. आणि तिच्या पलीकडे, देवा, पेरूची होडी! एकेक पेरू नारळाएवढा, फिकट हिरवा, वर एक डाग नाही. एक चावून बघितला. कुरकुरीत, बी जवळजवळ नाहीच. मीठ-मिरची लावून दिला तेव्हा तर मी घाटावरच नाचायचा बाकी होतो. पेरूवाल्याचा फोटो निघावा तर याच होडीत.

होडीवाली आमच्याच वयाची. आम्ही दोघं तुझ्या होडीत बसतो, फोटो काढतो, असं मी हातवारे करून सांगितलं. तिला कळलं. तिने कॅल्क्युलेटरवर आकडा करून सगळ्यांसमोर वर धरला. माझं डोकं फिरलं. भाव असा चारचौघांना दाखवतात का? लोणीच्या बैलबाजारात आम्ही रुमालाखाली हात धरतो आणि बोटं दाबून भाव करतो, शेजारच्यालाही पत्ता लागत नाही. मी खांद्यावरचा पंचा काढला, तिच्या हातावर टाकला आणि खालून तिची बोटं धरली.

बाई किंचाळली. तिने हात हिसकावला, होडी कलली आणि दहा-वीस पेरू पाण्यात. आजूबाजूच्या होड्यांतल्या बायका उभ्या राहिल्या. मीही आवाज चढवला, कारण माझं काही चुकलंय हे मला अजून कळलंच नव्हतं.

"आवं, सोडा," बायको मागून म्हणाली. "ती काय बैल इकाय आलीय व्हय?"

तिने माझ्या हातून पंचा घेतला आणि होडीत उतरली. आधी स्वतःची बोटं उघडी धरून होडीवालीला दाखवली, एक दाबलं, दोन दाबली, मग पंचा टाकला. बायकोच्या वडिलांच्या ओट्यावर बैलांचे सौदे व्हायचे, ते ती दाराआडून बघत आलेली. होडीवालीच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. मग दोघी पंच्याखाली बोटं दाबत इतक्या हसायला लागल्या की होडी पुन्हा हलू लागली. सौदा झाला तो मी केला असता त्यापेक्षा महाग. मी ओरडत होडीत उतरलो आणि तेवढ्यात आमच्या टूरमधल्या एका मुलीने फोटो काढला.

त्यात दोन बायका हसताहेत, मध्ये माझा पंचा, मागे मी हात वर करून भांडतोय आणि पाण्यावर पेरू तरंगताहेत. असा फोटो मी ठरवून कधीच काढू शकलो नसतो.

बायकोने तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. हॉटेलवर पोचायच्या आत साडूंचा फोन.

"पाव्हणं, लई झ्याक फोटो. मोठा करून द्या, हॉलमधी लावतो."

"देतो की. लग्नाचा उतरवा, त्याच खिळ्याला लावा."

ते हसले. दुसरा खिळा ठोकतो म्हणाले.

"न्हाई. खिळा त्योच."

राहात्याला आल्या आल्या फोटो मोठा करून, काच लावून आणला. कागदात गुंडाळून कपाटावर ठेवला आहे. बायको म्हणते, द्या आता आणि मिटवा. साडूंचा अधूनमधून फोन येतो, इकडचं तिकडचं बोलतात आणि शेवटी फोटोचं विचारतातच. मी आयुष्यभर बाजार केला आहे. ज्याला माल हवा असतो तोच पुन्हा पुन्हा भाव विचारतो. मला घाई नाही.